मणक्याला मार लागल्यानंतरचा लघवीचा त्रास : डोक्याला मॅग्नेटचे उपचार कोणी घेतले आहेत का?

वावरातला

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, केळापूर तालुका. माझा मोठा भाऊ, वय ३६, शेळ्यांसाठी पाला तोडायला निंबावर चढला होता. फांदी मोडली आणि पाठीवर पडला. पाठीचा दहावा मणका मोडला, ऑपरेशन करून पट्ट्या आणि स्क्रू बसवले. पायांत हळूहळू जीव आला, आता वॉकर धरून अंगणात चालतो. येणारे-जाणारे म्हणतात, देवाने वाचवलं.

पण लघवीचं काही जमत नाही. अचानक घाई लागते आणि खाटेवरून उठेपर्यंत कपडे ओले. बरं, एवढं होऊनही लघवी पूर्ण मोकळी होत नाही. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरसुद्धा ३०० मिली शिल्लक दिसली. मधून मधून थंडी वाजून ताप येतो, गावातले डॉक्टर इंजेक्शन देतात, उतरतो, पुन्हा येतो. वहिनी रात्री झोपतच नाही म्हटलं तरी चालेल. भावाने लग्न, तेरवी, बाजार, सगळीकडे जाणं बंद केलंय. सगळ्यात वाईट म्हणजे त्याने पाणी पिणं सोडलंय. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे.

आता शहरातल्या एका सेंटरवाल्यांनी सांगितलं की मेंदूला मॅग्नेटचे शेक देतो, ऑपरेशन नाही, भूल नाही, २० सिटिंगमध्ये लघवीवर पूर्ण ताबा येईल. ८० हजार सांगितले. बाबा बैलजोडी विकायला निघाले आहेत. हा उपचार खरा आहे का? कोणी घेतला आहे का? घाई यासाठी की त्यांनी पुढच्या आठवड्यापर्यंत पैसे भरायला सांगितलंय.

बंडीवाला

भाऊ, पयले सांगतो, बैलजोडी इकू नका. पेरणी तोंडावर हाय. माणसाचं दुखणं मोठंच, पण बैल गेले तं वावर पडीक राहीन, मंग दवाखान्यात पैसा कुठून आणसान?

दुसरं, आमच्या गावात एकाले लघवी तुंबायची. त्यानं गोखरूचा काढा घेतला तं मोकळी झाली. खर्च काहीच नाई. एकदा करून पाहा.

फिजिओ_वर्धा

वावरातला भाऊ, मी फिजिओथेरपिस्ट आहे, मणक्याचे आणि लकव्याचे पेशंट रोज पाहतो. थोडं लांबलचक लिहितो, कारण दोन ओळींत सांगितलं तर अर्धवट समजेल आणि अर्धवट समजुतीवरच बैलजोड्या विकल्या जातात.

उपचार खरा आहे. तुम्हाला दिलेलं वचन मात्र खरं नाही.

आधी लघवीचं काम कसं चालतं ते बघू. पिशवी भरत आली की तिची खबर कमरेखालच्या नसांमधून कण्याच्या अगदी खालच्या टोकाला जाते, आणि तिथून कण्यातून वर मेंदूपर्यंत. मेंदूच्या देठात पॉन्स नावाचा भाग आहे. लघवी सोडण्याचं केंद्र तिथे असतं, हे बॅरिंग्टन या शास्त्रज्ञाने १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. हे केंद्र एकाच वेळी दोन हुकूम सोडतं: पिशवीच्या स्नायूला आवळायला सांगतं आणि खालच्या झडपेला सैल व्हायला सांगतं. त्याच्याही वर कपाळामागचा मेंदू असतो. तो म्हणतो, आत्ता नाही, एसटीतून उतरल्यावर.

लकवा किंवा पार्किन्सनमध्ये बिघाड या वरच्या भागात असतो. अडवणारा कमजोर पडतो, म्हणून घाई होते आणि कपड्यात होते, पण पिशवी बहुतेक वेळा बऱ्यापैकी रिकामी होते. तुमच्या भावाला मार मध्ये, कण्यात लागलाय. मेंदूचा हुकूम खाली अर्धवट पोचतो. पिशवी आपल्या मनाने आवळते आणि नेमकी त्याच वेळी झडपही आवळते. दोघांची ओढाताण चालते. घाई, गळती आणि तरीही ३०० मिली शिल्लक, हे तिन्ही एकत्र दिसतं ते बहुधा यामुळे. 'बहुधा' म्हणतो, कारण तपासणी केल्याशिवाय कोणीच खात्रीने सांगू नये.

आता मॅग्नेट. त्याचं नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, सगळे टीएमएस म्हणतात. डोक्याजवळ एक कॉइल धरतात. तिच्यातून क्षणभर जोराचा करंट जातो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि खालच्या मेंदूत बारीकसा करंट उठवतं. टकटक आवाज येतो, कानात बोळे घालतात. चामडी कापत नाहीत. इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं. अमेरिकेत २००८ पासून डिप्रेशनसाठी त्याला मान्यता आहे. भारतातल्या मोठ्या शहरांत मशीन आहेत, बहुतेक मानसोपचार आणि मेंदूविकारवाल्यांकडे.

सेकंदाला एक या संथ गतीने ठोके दिले तर मेंदूचा तो भाग साधारणपणे शांत होतो, पाच किंवा त्याहून जास्त दिले तर चेततो. लघवीच्या त्रासावर दोन्ही करून पाहिलंय. इटलीत २००७ साली मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि कण्यातल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) रुग्णांना पाचच्या गतीने ठोके दिले, तेव्हा लघवी करण्यातली अडचण कमी झाली. २००९ मध्ये तिथेच पार्किन्सनच्या रुग्णांना संथ गतीने दोन आठवडे दिले, तेव्हा पिशवीत जास्त लघवी मावू लागली आणि घाईची जाणीव उशिरा होऊ लागली. अमेरिकेत ह्यूस्टनला मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या बायकांवर काम झालं. त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग करून कोणता भाग चेतवायचा आणि कोणता शांत करायचा हे आधी ठरवलं, मग ठोके दिले. लघवीनंतर उरणारं प्रमाण कमी झालं.

ऐकायला छान आहे, आणि मला या विषयाबद्दल मनापासून आशा आहे. पण हे सगळे मोजक्या रुग्णांवरचे प्रयोग आहेत. बऱ्याच ठिकाणी खोटे ठोके दिलेल्या गटाशी तुलना केलेली नाही. फायदा दिसला तो काही आठवड्यांचा. 'पूर्ण ताबा' असं त्या संशोधकांपैकी कोणी म्हटलेलं नाही.

कण्याला मार लागलेल्यांत अजून एक अडचण आहे. डीपीवर कितीही दाब असला तरी वायर मध्येच तुटली असेल तर विहिरीवरची मोटर चालत नाही. मेंदू कितीही चेतवा, खाली निरोप नेणारे धागे शिल्लक असतील तरच उपयोग. तुमचा भाऊ वॉकरने चालतो म्हणजे काही धागे शिल्लक आहेत, त्यामुळे दार पूर्ण बंद नाही. पण पायांचे धागे शाबूत म्हणजे लघवीचेही शाबूत, असं समजू नका. ते वेगळे असतात.

पैनगंगाकाठ

आमच्या आईला पार्किन्सन आहे, म्हणून लिहिते. तिला टीएमएस दिलं ते हातापायांच्या ताठरपणासाठी, नागपूरला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की याने आजार जाणार नाही, थोडं सुसह्य होईल, आणि किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

उपचार चालू असताना आणि त्यानंतर काही आठवडे तिचं रात्रीचं उठणं खरंच कमी झालं. सलग झोपायची. आम्ही लघवीसाठी घेतलंच नव्हतं, त्यामुळे ते मॅग्नेटमुळे की त्याच सुमारास गोळ्यांचे डोस बदलले त्यामुळे, हे कोणीच सांगू शकलं नाही. पुढे हळूहळू पुन्हा पहिल्यासारखं झालं.

पैसे वाया गेले असं मला वाटत नाही, कारण काय मिळणार आणि काय नाही हे माहीत असताना आम्ही घेतलं. पण एक गोष्ट घरी सगळ्यांनी बसून बोला: हे रोज जावं लागतं. शनिवार-रविवार सोडून सलग. केळापूरहून नागपूर रोज जमणार नाही, म्हणजे तिथे खोली करून राहायचं, सोबत एक माणूस, जेवणखाण. सेंटरवाले सांगतात त्यात हा खर्च धरलेला नसतो.

युरो_रेसिडेंट

मी मूत्ररोग विभागात शिकतोय. वरचं फिजिओ सरांचं स्पष्टीकरण बरोबर आहे, पण या धाग्यात सगळे मेंदूबद्दल बोलत आहेत आणि मला काळजी वाटते आहे किडनीची. दादा, तुमच्या पोस्टमधलं '३०० मिली शिल्लक', 'थंडी वाजून ताप' आणि 'पाणी सोडलंय' हे वाचून मी थांबलो.

पिशवी आवळते, झडप उघडत नाही, तेव्हा आत दाब वाढतो. तो दाब सतत ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर राहिला तर लघवी मागे किडनीकडे लोटली जाते, किडनी सुजते आणि आवाज न करता खराब होते. दुखतही नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी मणक्याला मार लागलेली माणसं मरायची ती बहुतेक लघवीतला जंतुसंसर्ग आणि किडनी निकामी होण्याने. आज ती जगतात ते मुख्यतः पिशवीची नीट काळजी घेतल्यामुळे. म्हणून क्रम असा हवा: आधी किडनी वाचवायची, मग कपडे कोरडे ठेवायचे, त्यानंतर मेंदू.

बंडीवाला दादा, तुम्ही आपुलकीने सांगताय हे कळतं, पण या पेशंटला लघवी वाढवणारा कुठलाही काढा देऊ नका. तुमच्या गावातल्या माणसाचं कारण वेगळं असेल. इथे खालचं दार अडलेलं आहे आणि काढ्याने आत भर पडेल.

तपासण्या: दोन्ही किडन्यांची सोनोग्राफी, रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं), आणि युरोडायनॅमिक टेस्ट. ही शेवटची महत्त्वाची. बारीक नळी घालून पिशवी हळूहळू भरतात आणि आतला दाब मोजतात. कोणत्या टप्प्यावर पिशवी आवळते, झडप काय करते, किती दाबाला गळते, सगळं दिसतं. ही टेस्ट सगळीकडे होत नाही. आधी फोन करून मशीन चालू आहे का ते विचारूनच निघा. नागपूरला सरकारी सुपर स्पेशालिटी आणि एम्स आहे, तुमच्या बाजूने सेवाग्राम आणि सावंगीही आहे.

त्या सेंटरने ही टेस्ट मागितली का? नसेल मागितली, तर ते नेमकं काय दुरुस्त करायला निघालेत हे त्यांनाच माहीत नाही.

वावरातला

नाही मागितली सर. फक्त एमआरआय बघितला आणि आधी कधी फिट आली होती का ते विचारलं.

फिजिओ_वर्धा

फिट विचारली हे बरोबर केलं. टीएमएसमध्ये क्वचित फिट येऊ शकते, म्हणून मिरगी असलेल्यांना शक्यतो देत नाहीत. डोक्यात धातूची क्लिप असेल, कानात मशीन बसवलेलं असेल किंवा पेसमेकर असेल तरी टाळतात. पाठीतले स्क्रू कॉइलपासून लांब असतात, तरी सांगायचेच. बाकी त्रास म्हणजे डोकं दुखणं, टाळूची चामडी हुळहुळणं, तेवढंच.

पण एक बारकी गोष्ट लिहायची राहिली होती. मेंदूत पायाचा आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा भाग डोक्याच्या वरच्या बाजूला मधोमध असतो, आणि तोही दोन्ही गोलार्धांच्या मधल्या खाचेत आत दडलेला. डिप्रेशनसाठी वापरतात ती साधी कॉइल तिथपर्यंत नीट पोचत नाही. थोडी वाकवलेली, दुहेरी शंकूची कॉइल लागते. डिप्रेशनचं मशीन आहे म्हणून त्याच कॉइलने, त्याच जागी ठोके देऊन लघवी बरी करतो म्हणणाऱ्याला एवढं जरूर विचारा: कॉइल कोणती, आणि ठेवणार कुठे?

मोहफूल

ताई म्हणा किंवा मावशी, मी चंद्रपूर जिल्ह्यातली. मला मणक्याचा टीबी झाला होता. टीबी बरा झाला, चालते, शिवणकाम करते, पण लघवी आपोआप होत नाही. इथे सगळे पुरुष पेशंटबद्दलच बोलतात म्हणून लिहिते, पण भावालाही उपयोगी पडेल.

मी दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालून लघवी काढते. नळी कायमची ठेवायची नाही. घालायची, पिशवी रिकामी करायची, काढून टाकायची. हात साबणाने स्वच्छ धुवायचे. पहिल्यांदा सिस्टरने सांगितलं तेव्हा मी रडले होते. आता पाच मिनिटांचं काम आहे. पूर्वी वारंवार येणारा ताप जवळजवळ थांबला. कपडे ओले होत नाहीत, कारण गळण्याइतकी लघवी साठूच देत नाही. आणि मी पोटभर पाणी पिते! चंद्रपूरच्या उन्हात पाणी न पिता राहणं म्हणजे काय, ते मी भोगलंय.

बायकांना जागा दिसत नाही म्हणून सुरुवातीला छोटा आरसा लागतो, नंतर बोटाच्या अंदाजाने जमतं. पुरुषांना तर सोपं. मुख्य गोष्ट अशी की भावाने स्वतः शिकावं. वहिनीच्या अंगावर हे काम टाकू नका. त्याचे हात चांगले आहेत ना? मग त्याला स्वतःचं स्वतः करता येईल, आणि त्याने माणसाचा जो जीव परत येतो तो मॅग्नेटने येईल की नाही मला माहीत नाही.

युरो_रेसिडेंट

ताई, तुमची पोस्ट आमच्या ओपीडीत भिंतीवर लावावी अशी आहे.

याला क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन म्हणतात. जॅक लॅपिडीस या अमेरिकन सर्जननी १९७२ मध्ये हे मांडलं तेव्हा अनेकांना पटलं नव्हतं. निर्जंतुक हातमोजे नाहीत, फक्त स्वच्छ हात, मग जंतू जाणार नाहीत का? त्यांचं म्हणणं होतं की नळीमुळे होतो त्याहून जास्त त्रास तुंबून ताणलेल्या पिशवीमुळे होतो. ते बरोबर ठरलं. साधारण ४ ते ६ वेळा, आणि दर वेळी पिशवीत ४०० ते ५०० मिलीच्या वर साठू नये, एवढं सांभाळायचं.

पिशवी फार आवळत असेल तर सोबत ती सैल करणाऱ्या गोळ्या देतात, ऑक्सिब्युटिनिन, सॉलिफेनॅसिन वगैरे. विदर्भासाठी एक सावधगिरी: या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि घाम कमी येतो. मे महिन्यात ४५ अंशात वावरात बसणाऱ्या माणसाला घाम आला नाही तर ऊन लागण्याचा धोका वाढतो. गोळी सुरू असेल तर दुपारी बाहेर नको. मिराबेग्रॉन नावाची दुसऱ्या प्रकारची गोळी आहे, तिने हा त्रास होत नाही, पण बीपी बघावं लागतं. गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून पिशवीच्या भिंतीत बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात. काही महिने चांगला टिकतो, नंतर पुन्हा द्यावा लागतो.

आणि तापाबद्दल. नळी घालणाऱ्यांच्या लघवीत तपासणीत जंतू जवळजवळ नेहमी दिसतात. ताप नाही, कळ नाही, तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक घेऊ नका. उगाच घेतलेल्या इंजेक्शनांनी पुढे खरा ताप आला की औषधच चालत नाही. पण थंडी वाजून ताप आला तर मात्र लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी) दिल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका.

पैनगंगाकाठ

डॉक्टर, पायाला करंट देतात तेही लघवीसाठी असतं म्हणे. आईला सुचवलं होतं, राहून गेलं.

फिजिओ_वर्धा

हो ताई, आणि हे मला खेड्यातल्या माणसासाठी जास्त कामाचं वाटतं. घोट्याच्या आतल्या बाजूने टिबियल नावाची नस जाते. तिची मुळं आणि लघवीच्या पिशवीच्या नसांची मुळं कण्यात एकाच शेजारात आहेत. घोट्याच्या मागे चिकटपट्टी लावून साध्या टेन्स मशीनने अर्धा तास हलका करंट द्यायचा. सुई घालून देण्याची पद्धतही आहे, आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. पट्टीवाली पद्धत एकदा शिकली की घरी करता येते. मशीन दोन-तीन हजारांत मिळतं. पार्किन्सन, लकवा, मल्टिपल स्क्लेरोसिस यांतल्या घाईवर बऱ्याच जणांना फरक पडतो.

युरो_रेसिडेंट

सर, इथे थोडं थांबवतो. घाई आणि गळतीसाठी ठीक आहे. पण झडप अडलेली असताना फक्त घाई कमी केली तर पिशवी अजून जास्त भरेल आणि नातेवाइकांना वाटेल सुधारणा झाली. दाब मोजण्याआधी या पेशंटला टेन्स सुरू करू नये असं माझं मत आहे.

फिजिओ_वर्धा

या पेशंटच्या बाबतीत मान्य. आधी टेस्ट. पार्किन्सनच्या आईंसाठी मात्र मी उद्याच सुरू करा म्हणेन, लघवीनंतर किती उरतं ते एकदा सोनोग्राफीत बघून.

बंडीवाला

गोखरूचं मी मागं घेतो, डॉक्टरसाहेब म्हणतात ते बरोबर असन. पण मले एक सांगा. हे मॅग्नेट जर अजून प्रयोगच हाय, तं मंग गरिबाकडून ८० हजार काऊन घेतात?

फिजिओ_वर्धा

भाऊ, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

खरं संशोधन चालू असेल तर ते भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदवलेलं असतं. ती वेबसाइट कोणालाही बघता येते. एथिक्स कमिटीची मंजुरी असते. तुमच्या भाषेत लिहिलेलं संमतीपत्र देतात, वाचून दाखवतात, घरी न्यायला देतात, आणि त्यात 'फायदा होईलच असं नाही' हे स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि संशोधनातल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. उलट त्या प्रयोगामुळे इजा झाली तर उपचाराची जबाबदारी त्यांची असते.

संशोधन नाही, नेहमीचा उपचार आहे असं म्हणत असतील तर त्यांनी सांगावं की मणक्याच्या माराने झालेल्या लघवीच्या त्रासावर हा नेहमीचा उपचार कधीपासून झाला. माझ्या माहितीत तो अजून झालेला नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत पैसे भरा, ही घाई तर कुठल्याच बाजूने पटत नाही. जुन्या मणक्याच्या माराला आठवड्याने काही बिघडत नाही.

बाजारात डोक्याला ओले स्पंज लावून एक-दोन मिलीअँपियरचा सौम्य करंट देणारी छोटी यंत्रंही आली आहेत. तो टीडीसीएस नावाचा वेगळा प्रकार. त्यावरही संशोधन चालू आहे. पण व्हिडिओ बघून बॅटरी आणि वायर जोडून घरी डोक्याला करंट देण्याचे प्रकार मी ऐकलेत. कृपा करून कोणी करू नका, चामडी भाजते.

मोहफूल

माझं मत थोडं वेगळं आहे. कोणी रजिस्ट्रीवालं, बिनपैशाचं संशोधन आपल्याकडे सुरू केलं तर मी स्वतः जाईन. आमच्या भागात झाडावरून पडलेले, विहिरीत पडलेले, मणक्याचा टीबी झालेले, पाण्यातल्या फ्लोराइडने कणा ताठ होऊन पायातली ताकद गेलेले किती लोक आहेत! त्यांची लघवी कोणी मोजली आहे का? सगळे प्रयोग इटली-अमेरिकेत होतात. आपल्या मोठ्या कॉलेजांनी हे करावं आणि गावातून येणाऱ्याचं राहणं-खाणं त्यात धरावं.

युरो_रेसिडेंट

ताई, शंभर टक्के सहमत. आणि फ्लोराइडचा मुद्दा काढलात ते बरं झालं. केळापूर, वरोऱ्याकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात तो जास्त आहे. हाडं जाड होऊन कण्याची वाट अरुंद होते आणि मज्जारज्जू दाबला जातो. लघवीची घाई आणि पाय जड होणं, दोन्ही हळूहळू सुरू झालं तर वयामुळे म्हणून सोडू नका, मणक्याचा एमआरआय करून घ्या.

पाठीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर मार असलेल्यांसाठी अजून एक: पिशवी तुंबली की अचानक डोकं ठणकतं, घाम फुटतो, बीपी एकदम चढतं. लगेच बसतं करा, कपडे सैल करा, लघवी काढा, तेवढ्याने उतरलं नाही तर दवाखाना. वावरातला दादांच्या भावाचा मार दहाव्याला आहे म्हणून त्याला हा धोका फारसा नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असू शकतो.

वावरातला

सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं भावाला आणि बाबांना वाचून दाखवलं. मोहफूल ताईंची पोस्ट भावाने दोनदा वाचायला लावली. म्हणाला, आधी नळी शिकतो.

सेंटरला फोन केला. कॉइल कोणती विचारलं तर 'लेटेस्ट' म्हणाले. रजिस्ट्रीचं विचारलं तर डॉक्टरांशी बोला म्हणाले, डॉक्टर फोनवर आले नाहीत. बाबांनी बैल विकायचं थांबवलंय. सेवाग्रामला फोन करून मगच निघतोय, क्रिएटिनिन आणि किडनीची सोनोग्राफी इथेच करून घेतो. मॅग्नेटचा विचार सोडलेला नाही, पण टेस्टचा रिपोर्ट हातात आल्यावर मेंदूच्या डॉक्टरांनाच विचारू.

जाताना अजून काय न्यायचं?

युरो_रेसिडेंट

तीन दिवसांची लघवीची डायरी. साध्या वहीत चार रकाने करा: किती वाजता, किती पाणी प्यायला, किती लघवी झाली, मध्ये कपडे ओले झाले का. शौचाला कधी झालं तेही लिहा. पोट साफ नसेल तर आतडं पिशवीवर दाबतं आणि घाई वाढते. सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. ताठरपणासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर टेस्टसाठी म्हणून स्वतःहून बंद करू नका, अचानक थांबवणं धोक्याचं आहे. तीन दिवस आधी ताप आला तर कळवा, टेस्ट पुढे ढकलतात.

वावरातला

लघवी मोजायला काय वापरायचं सर? आणि नळी कोणत्या नंबरची?

मोहफूल

मेडिकलमध्ये खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं मिळतं. नाही मिळालं तर पाण्याच्या लिटरच्या जुन्या बाटलीचं तोंड कापा, औषधाच्या मापाने पाणी ओतत दर ५० मिलीला पेनाने खूण करा. मी तेच वापरते. नळी आत्ता विकत घेऊ नका. मोठ्या माणसाला साधारण १२ किंवा १४ नंबर लागतो, पण सिस्टर बघून सांगतील आणि पहिली नळी त्यांच्यासमोरच घालायची. भावाला सैल पायजमा घालून न्या, पुढून उघडणारा.